नवीन घराचा नकाशा: जिना आत की बाहेर? (४० × ५० प्लॉट, रस्ता पश्चिमेला)

शंकासुर

मंडळी, सोलापुरात ४० बाय ५० चा प्लॉट आहे. ४० फुटांची बाजू रस्त्याला, रस्ता पश्चिमेला. समोर १० आणि बाकी तिन्ही बाजूंना ५ फूट सोडून बांधायला ३० बाय ३५ मिळतात. तळमजला आणि वर एक मजला. राहणार सहा जण: आईवडील (दोघंही सत्तरीच्या पुढे), आम्ही दोघं, दोन मुलं.

आर्किटेक्टने दोन पर्याय दिलेत. 'अ' मध्ये जिना हॉलमधून वर जातो. 'ब' मध्ये तो बाहेरून, पार्किंगच्या कडेने. बाहेरून असेल तर पुढेमागे वरचा मजला भाड्याने देता येईल, असं वडिलांचं म्हणणं. घरातल्यांची दोन गटांत वाटणी झालीय. खाली हवंय ते असं: पार्किंग १० × १८, हॉल १२ × १६, स्वयंपाकघर १० × १२, डायनिंग १० × १०, आईवडिलांची खोली ११ × १२, तिला लागून संडास-बाथरूम ५ × ८, पाहुण्यांसाठी एक ४ × ७, देवघर ४ × ५. जिना कुठे घ्यावा? आणि नकाशात अजून काय तपासावं?

अर्धी_वीट

जिन्याचं नंतर बघू. आधी बेरीज करा.

३० × ३५ म्हणजे १०५० चौरस फूट. त्यातून पार्किंगचे १८० वजा, उरले ८७०. तुमच्या खोल्या: १९२ + १२० + १०० + १३२ + ४० + २८ + २० = ६३२. जिन्याला ७ × १३ धरा, म्हणजे ९१. झाले ७२३. राहिले १४७. आता भिंती. बाहेरच्या ९ इंची आणि आतल्या साडेचार इंची धरल्या तर अशा घरात १२ ते १५ टक्के जागा भिंतीच खातात. १३ टक्क्यांनी ११३ गेले. म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेला उरले ३४ चौरस फूट, जेमतेम एका गादीएवढे.

नकाशावर १० × १२ लिहिलंय ते मध्यापासून मध्यापर्यंत की आतून आत, हेही विचारून घ्या. मध्यापासून मध्यापर्यंत असेल तर एका बाजूला ९ इंची, दुसऱ्या बाजूला साडेचार इंची भिंत आणि दोन्हीकडचा प्लास्टर वजा जाता १० फुटांचे ९ फूट ४ इंच होतात. घरात फरशी बसल्यावर हे कळून उपयोग नाही.

थालीपीठ

डायनिंगला वेगळी खोली कशाला? सहा जणांचं टेबल ३ × ५ चं. खुर्ची मागे ओढायला प्रत्येक बाजूला अडीच-तीन फूट, म्हणजे ९ × ११ लागतात, पण त्यातला अर्धा भाग चालायची वाटच असते. स्वयंपाकघर आणि डायनिंग मिळून १२ × १६ करा. मधली भिंत वाचते आणि २८ चौरस फूट सुटतात.

शंकासुर

बाप रे. बेरीज कोणी केलीच नव्हती. थालीपीठताई, उघडं स्वयंपाकघर आईला चालणार नाही, फोडणीचा धूर हॉलभर होतो म्हणते.

थालीपीठ

हॉलकडे उघडं नको, फक्त डायनिंगकडे. आणि ओट्याची मापं आत्ताच नकाशावर काढून घ्या, कारण खिडकी आणि नळ त्यावरच ठरतात. ओट्याची खोली २ फूट. उंची साधारण ३२ ते ३४ इंच, रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपरापासून ४-५ इंच खाली येईल अशी. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये ४ फूट, नाहीतर खालचा ड्रॉवर उघडला की दुसऱ्या माणसाला वाट नाही. फ्रीजला अडीच फूट रुंदी द्या, आणि तो भिंतीच्या कोपऱ्यात खुपसू नका. दार ९० अंशांच्या पुढे उघडलं नाही तर आतले ट्रे बाहेर येत नाहीत.

शेगडी खिडकीसमोर अजिबात नको. वाऱ्याने आच फडफडते आणि पडद्याचा धोका वेगळाच. खिडकीसमोर सिंक घ्या. शेगडी बाहेरच्या भिंतीला, म्हणजे चिमणीचा ६ इंची पाइप सरळ बाहेर काढता येतो. पाइपला जितकी वळणं जास्त तितकी ओढ कमी.

मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शनला १६ अँपिअरचे वेगवेगळे पॉइंट. आणि धुण्याभांड्याची मोरी मागच्या ५ फुटांत, स्वयंपाकघरातून थेट दार देऊन.

आग्नेय_कोपरा

रस्ता पश्चिमेला म्हणजे पश्चिममुखी घर. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, मोठ्यांची झोपायची खोली नैऋत्येला. हे तीन सांभाळा, बाकी तडजोड चालते.

तिरकी_रेघ

वास्तूवर वाद घालत नाही, पण सोलापुरात नैऋत्येची खोली म्हणजे दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत तापणारी भिंत. ९ इंची विटेची भिंत उष्णता हळूहळू आत सोडते. पश्चिमेची भिंत संध्याकाळी बाहेरून तापलेली असते, तिची धग आत पोचते ती रात्री, नेमकी झोपायच्या वेळी. सत्तरीच्या माणसांना ती खोली द्यायची तर तिला आड हवी.

दक्षिणेची भीती बाळगू नका. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४९ अंशांवर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर २ फुटांचा छज्जा असेल तर छज्ज्याखालचे सव्वादोन फूट सावलीत राहतात आणि खालून ऊब आत येते. पश्चिमेला हा हिशेब चालत नाही. संध्याकाळचा सूर्य आडवा येतो, छज्जा कितीही काढा, ऊन खालून घुसतंच.

म्हणून पश्चिमेला अशी जागा ठेवा जिथे कुणी तासन्‌तास बसत नाही: जिना, संडास-बाथरूम, कपाटं.

आग्नेय_कोपरा

मग नैऋत्येला संडास घालणार? शास्त्र राहू द्या बाजूला, पण घरातली वडील मंडळी मान्य करणार नाहीत.

फुलपात्र

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

तिरकी_रेघ

संडास नको, कपाट घाला. नैऋत्येच्या खोलीत पश्चिम भिंतीला लागून २ फूट खोलीचं, छतापर्यंत कपाट. कपडे भरलेलं कपाट उष्णता बरीच अडवतं. पलंगाचं डोकं दक्षिणेच्या भिंतीला, खिडकीही दक्षिणेला. दिशाही राहिली, झोपही राहिली. आता भांडण्यासारखं काही उरलं नाही, फुलपात्र, पॉपकॉर्न परत करा.

मात्र कपाटासाठी खोलीचं माप तपासा. ११ × १२ मध्ये १२ फुटांची बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, तर कपाटाचे २ गेले, उरले १० × ११. दोन वेगळे पलंग घेणार असाल तर प्रत्येकी ३ फूट आणि मध्ये अडीच फूट, म्हणजे साडेआठ. कपाट आणि जवळचा पलंग यांच्यात दीड फूटच वाट उरते. कपाटाचं दार दीड फुटाचं असेल तर पलंगाला घासेल. सरकती दारं घ्या किंवा एकच ५ × साडेसहाचा डबल बेड.

नकाशावर आधी पलंग, कपाट, टेबल, सोफा प्रमाणात कापून ठेवा आणि मग भिंती हलवा. उलटं केलं की शेवटी स्विचबोर्ड कपाटामागे जातो.

कोकणकडा

आमच्या रत्नागिरीकडे असला नकाशा पहिल्या पावसात वाहून जाईल. पाऊस नैऋत्येकडूनच झोडपतो, तिथे पडवी हवीच. पण सोलापूरला चालेल म्हणा.

खिडक्यांबद्दल एक. सरकती खिडकी ४ × ४ ची घेतली तरी उघडते अर्धीच. कोरड्या उष्ण भागात खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश हव्यात असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. ११ × १२ ला ते १३.२ चौरस फूट झाले. तुमची १६ ची खिडकी कागदावर पास, पण हवा येणार ८ मधून. कब्ज्यावर बाहेर उघडणारी झडप घ्या किंवा दोन भिंतींना दोन खिडक्या. एकाच भिंतीत दोन खिडक्यांनी वारं खेळत नाही.

ओळंबा

जिन्यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. घरात सगळ्यात हट्टी वस्तू तीच. खोली सहा इंचांनी लहान करता येते, जिना करता येत नाही.

मजला ते मजला १० फूट म्हणजे १२० इंच. पायरीची उंची साडेसहा-पावणेसात इंच चांगली. संहितेची कमाल मर्यादा १९० मिलिमीटर आहे, म्हणजे साडेसात इंच, पण म्हाताऱ्या गुडघ्यांना ती जड जाते. १८ उंच्या धरल्या तर प्रत्येक ६.६७ इंच. दोन वळणांत ९ आणि ९. प्रत्येक वळणात पाय ठेवायच्या पायऱ्या ८, कारण नववी म्हणजे लँडिंगच. १० इंची पायरीने ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच. अधलं लँडिंग ३ फूट, खाली वळायला आणखी ३. एकूण आतून १२ फूट ८ इंच. रुंदी ३ आणि ३, मध्ये कठड्याला ६ इंच, म्हणजे साडेसहा. भिंती धरून ७ × १३ नाही, साडेसात × १४ च्या जवळ जातं. अर्धी_वीट यांनी थोडं कमीच धरलं.

सगळ्या १८ पायऱ्या सारख्या हव्यात. पहिली पायरी फरशी लागल्यावर दीड इंच बुटकी होते आणि शेवटची उंच, हा नेहमीचा घोळ. खालच्या आणि वरच्या फरशीची जाडी धरूनच पायऱ्यांची शटरिंग आखायला सांगा.

फुलपात्र

आणि जिन्याखाली पाहुण्यांचं संडास बसवलं की २८ चौरस फूट वाचले, नाही का?

ओळंबा

नाही वाचत. अधलं लँडिंग नवव्या उंचीवर, म्हणजे ६० इंचांवर. त्यातून ६ इंच स्लॅब गेला, राहिले साडेचार फूट. पाहुणे वाकून नमस्कार करतच आत जातील. पहिल्या वळणात १२ आणि दुसऱ्यात ६ उंच्या केल्या तर लँडिंग ८० इंचांवर जातं आणि खाली ६ फूट २ इंच मिळतात, पण मग पहिलं वळणच ९ फूट २ इंच लांब होतं. त्यापेक्षा तिथे इन्व्हर्टर, बॅटरी आणि झाडू-बादल्या ठेवा.

नळाची_तोटी

वरच्या मजल्याचे संडास-बाथरूम खालच्याच्या बरोबर डोक्यावर घ्या. यात तडजोड नको. वर बाथरूम, खाली स्वयंपाकघर किंवा देवघर असं झालं की गळती लागल्यावर ओट्यावर थेंब पडतात आणि दुरुस्तीला वरची फरशी फोडावी लागते. मैल्याचा पाइप ४ इंची, बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली. त्याची हवा काढणारी नळी गच्चीच्या वर न्या, नाहीतर एक फ्लश झाला की दुसऱ्या मोरीच्या जाळीतलं पाणी ओढलं जाऊन वास येतो.

वरच्या बाथरूमला स्लॅब ९ ते १२ इंच खाली सोडतात आणि वीटकोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव) भरतात. गळती तिथूनच. पाइप जोडल्यावर, कोबा भरायच्या आधी, त्या खड्ड्यात पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालून बघा. किंवा स्लॅब खाली सोडूच नका, पाइप खालच्या बाथरूमच्या छताला टांगा आणि त्यावर उघडता येईल अशी फॉल्स सीलिंग करा. दोन्ही बाथरूम एकावर एक असल्याने हे जमतं. दुरुस्ती खालून होते.

आईवडिलांच्या ५ × ८ मध्ये शॉवर आतल्या टोकाला, कमोड मध्ये, बेसिन दाराजवळ, म्हणजे दाराजवळची फरशी कोरडी राहते. उंबरा नको, खोलीपेक्षा अर्धा इंच खाली आणि उतार मोरीकडे. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. दार ३ फुटांचं घ्या. नेहमीच्या अडीच फुटी दारातून व्हीलचेअर जात नाही. कमोडशेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा बसवायचा तर ती भिंत ब्लॉकची असल्यास त्या उंचीवर काँक्रीटचा पट्टा घाला, स्क्रू नुसत्या ब्लॉकमध्ये धरत नाहीत.

शंकासुर

हे सगळं आर्किटेक्टला पाठवतोय. पाण्याच्या टाकीचंही सांगाल का? नळ रोज येत नाही.

नळाची_तोटी

माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप. सहा जणांचे ८१०. पाच दिवसांचे ४०५०, वर पाहुणे धरून ६००० ची टाकी करा. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. ७ × ६ × ५ फूट पाणी म्हणजे साधारण ५९४० लिटर. समोरच्या १० फुटांत घ्या, पण गाडीच्या चाकाखाली नको. तिथेच घ्यावी लागली तर इंजिनिअरला झाकणाचा स्लॅब गाडीच्या वजनाचा काढायला सांगा. शोषखड्डा आणि सेप्टिक टँक मागच्या बाजूला, टाकीपासून जितके लांब तितके बरे.

अर्धी_वीट

सोलापूर म्हणजे काळी माती असणार. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावर नको, मुरूम लागेपर्यंत खाली जा. खोल्यांखालची काळी माती उपसून मुरुमाचा भराव थराथराने ठोका, नाहीतर दोन वर्षांत फरशी खचते आणि आतल्या भिंतींना तिरक्या भेगा जातात.

कॉलम एका ओळीत ठेवा. सगळ्या खोल्या मनासारख्या करत गेलं की कॉलम वाकडेतिकडे होतात, मग बीमवर बीम टेकवावा लागतो आणि स्टील वाढतं. बीमची खोली अंतराच्या साधारण बाराव्या भागाइतकी. १६ फुटांच्या हॉलवर १६ ते १८ इंची बीम येईल. तो हॉलच्या मधोमध नको, भिंतीवर येऊ द्या. ९ × १५ चा कॉलम ९ इंची भिंतीत लपतो, साडेचार इंचीत लपत नाही, कोपऱ्यात खुंट निघतो आणि कपाट बसत नाही.

सौरऊर्जा_दादा

गच्चीचा नकाशाही आत्ताच काढा. ३ किलोवॅटच्या पॅनेलना सुमारे ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. जिन्यावरची खोली आणि तिच्यावरची टाकी दक्षिणेला आली की पॅनेलवर हिवाळाभर सावली. २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, जागेअभावी ते सोडू नका. पॅनेलच्या तारांसाठी आणि सोलर बंबाच्या पाइपसाठी गच्चीपासून खालपर्यंत एक मोकळी खाच ठेवा.

तिरकी_रेघ

आता मूळ प्रश्न. 'अ' ही नको, 'ब' ही नको.

'अ' मध्ये वर जाणारा प्रत्येक जण हॉलमधून जातो, आणि एसी लावला तर थंड हवा जाते खाली, गरम वर. भाडेकरू ठेवणं अशक्य. 'ब' मध्ये मुलं वर, आजीआजोबा खाली आणि रात्री खाली यायचं तर बाहेरून, पावसात. रोजचं जगणं भाड्याच्या शक्यतेसाठी गैरसोयीचं करू नये.

पश्चिमेच्या ३० फुटांचे उत्तरेकडून तीन पट्टे करा: पार्किंग १०, जिना ७, आईवडिलांची खोली ११, भिंतींना २. जिन्याचं अधलं लँडिंग पश्चिम भिंतीला, तिथे उजेडासाठी जाळी. संध्याकाळची धग तो झेलेल. पायऱ्या पूर्वेच्या टोकाला सुरू होतील, तिथे ४ फुटांची लॉबी. मुख्य दार पार्किंगमधून या लॉबीत. लॉबीतून उजवीकडे जिना, डावीकडे हॉलचं दार. आज हॉलचं दार उघडं ठेवा, जिना घरातलाच. उद्या भाडेकरू आला तर हॉलच्या दाराला कुलूप, जिना त्याचा. लॉबीच्या मागे हॉल ईशान्येकडे सरकतो, ओटा आग्नेयेला, आईवडिलांचं बाथरूम त्यांच्या खोलीमागे दक्षिण भिंतीला. विजेचं मीटर दोन बसतील एवढी जागा पार्किंगच्या भिंतीवर, आणि वरच्या बाथरूमला वेगळी पाण्याची लाइन आत्ताच टाका.

आग्नेय_कोपरा

नैऋत्य, आग्नेय, ईशान्य तिन्ही बसले. अनुमोदन. (आज काय उगवलंय पश्चिमेला!)

शंकासुर

तिरकी_रेघ, हे पटलं, वडिलांनाही पटेल. पण गाडी उभी असताना त्या दारापर्यंत जाता येईल?

ओळंबा

गाडी ६ फूट रुंद. उत्तरेच्या कडेला फूटभर सोडून लावली तर दाराकडे ३ फूट उरतात. गाडी पूर्वेकडे तोंड करून आत आली की चालकाचं दार दक्षिणेला, म्हणजे त्या ३ फुटांतच उघडतं. उत्तरेला भिंत बांधू नका, फक्त कॉलम. डावीकडचे लोक शेजारच्या ५ फुटांत उतरतील. कॉलम गाडीच्या दारासमोर येत नाही ना बघा.

जोत्याची उंची मात्र विसरलात सगळे. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, म्हणून घर रस्त्यापासून २ फूट वर घ्या. पार्किंग ६ इंचांवर ठेवलं तर लॉबीला १८ इंच चढायचे, ३ पायऱ्या. व्हीलचेअरचा उतार १ ला १२, म्हणजे १८ फूट लांब, तेवढी जागा नाही. पार्किंग १ फुटावर घ्या. मग गाडीला समोरच्या १० फुटांत १ ला १० चा उतार मिळतो, तो चालतो, आणि लॉबीपर्यंत १२ फुटांचा उतार दक्षिण भिंतीलगत बसतो. तो गाडीच्या दाराच्या वाटेवर येईल, म्हणून आज ३ ऐवजी २ पायऱ्याच करा आणि गरज पडेल तेव्हा उतार बसवा, भिंतीत कठड्याचे खिळे आत्ता सोडा.

थालीपीठ

गेट सरकतं घेणार असाल तर १२ फुटी गेटला बाजूला १२ फूट मोकळी भिंत लागते. तिथे टाकीचं झाकण किंवा झाड नको.

शंकासुर

नवीन नकाशा पुढच्या आठवड्यात येतोय. लाइनआउटच्या (जागेवर आखणीच्या) दिवशी काय बघायचं?

अर्धी_वीट

फक्कीने फक्त कॉलम आखतात, तुम्ही खोल्या आणि दारंही आखून घ्या. फक्कीच्या चौकटीत खाट आणि खुर्ची ठेवून आईवडिलांना चालायला सांगा. खोली उघड्यावर नेहमी लहान वाटते, तेवढ्यावरून भिंती हलवू नका. दाराची बाजू आणि पलंगाची वाट मात्र तिथेच कळते.

मग गवंड्यासमोर दोन्ही कर्ण टेपने मोजा. ३० × ३५ गुण्यात (काटकोनात) असेल तर दोन्ही ४६ फूट १ इंच भरले पाहिजेत. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक निघाला तर खुंट्या उपटून पुन्हा आखायला लावा, खोदाई नंतर.